स्मृतिभ्रंश, पार्किन्सन आणि नैराश्य: नागपूरच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा पार्किन्सन (कंपवात) झालेल्या माणसाच्या घरचे लोक बोलायला येतात तेव्हा विसरण्याबद्दल, पडण्याबद्दल, रात्रीच्या जागरणाबद्दल भरभरून बोलतात. चहा संपतो, पिशव्या उचलल्या जातात, आणि दारात चपला घालता घालता कुणीतरी म्हणतं, "बाबा आताशा काही बोलूनच नाही राहिले हो. त्याचं काय?" हे पान त्या दारातल्या प्रश्नाचं आहे. मी डॉक्टर नाही, अशा कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. त्यामुळे गोळी कोणती आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डॉक्टरांना काय सांगायचं आणि घरी काय करून बघायचं, याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

आजारच असा आहे. माणूस उदास होणारच ना?

या प्रश्नाने जितकं नुकसान केलंय तितकं कुठल्या चुकीच्या गोळीनेही केलं नसेल. 'होणारच' म्हटलं की पुढे कुणी काही करत नाही.

विसरायला लागलेल्या माणसाला वाईट वाटतं, भीती वाटते, स्वतःचा राग येतो. हे साहजिक आहे आणि ते येतं-जातं. दुपारी रडलेली आई संध्याकाळी नातवाच्या खोड्या बघून हसते. नैराश्य असं उठून जात नाही. ते आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतं, आणि भूक, झोप, अंगातलं बळ सगळं खाऊन टाकतं. अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार) आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांत ढोबळमानाने तिघांत एकाला तरी दखल घ्यावी अशी नैराश्याची लक्षणं दिसतात. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात दिसलं. त्यातले किती जण 'वय झालं' या दोन शब्दांखाली झाकले गेले असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

यात परिस्थितीचा भाग असतो, पण मेंदूचाही असतो. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या देठात, पेशींचे काही छोटे पुंजके असतात. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही मनाची उभारी सांभाळणारी रसायनं तिथून सगळ्या मेंदूला जातात. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये हेच पुंजके झिजतात, तेही बरेच लवकर. पार्किन्सनच्या काही रुग्णांत तर हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी नैराश्य येऊन गेलेलं असतं. तेव्हा "मनाने कच्चे आहेत" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आई रडत नाही, 'मला वाईट वाटतं' असं म्हणतही नाही. मग ओळखायचं कसं?

'गेले पंधरा दिवस मन लागत नाही' असं सांगायला आधी गेले पंधरा दिवस आठवावे लागतात. स्मृतिभ्रंशात तेच तर हातून सुटलेलं असतं. म्हणून इथे नैराश्य वेश बदलून येतं. कुणी चिडचिड करतं. कुणी आंघोळीला नको, फिरायला नको, पाहुणे नको असं करत खोलीत बसतं. कुणाचं सारखं पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही. कुणी पहाटे तीनला उठून बसतं. कुणी 'मी तुम्हाला ओझं झाले' हे एकच वाक्य दिवसातून वीसदा म्हणतं, आणि घरचे त्याला 'तेच तेच बोलणं', म्हणजे विसरण्याचा भाग समजतात.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी पडलेली खूण सांगते. महालातल्या एका आजींच्या घरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) सूनबाई म्हणाल्या, "सगळंच विसरल्या, जेवायचंही विसरतात." मी विचारलं, ताट समोर आल्यावर काय करतात? त्या म्हणाल्या, "परवा वडाभात केला होता. त्यांच्या जीवाचा. वरून हिंगाची फोडणी घातली. दोन घास घेतले आणि ताट सरकवलं." इथे कान टवकारायचे. निव्वळ विसरणारा माणूस जेवणाची वेळ विसरतो, पण वडाभात समोर आला की मिटक्या मारत खातो. आवडता नातू समोर आला की नाव आठवत नसलं तरी चेहरा फुलतो. जेव्हा आवडीची गोष्ट हातात देऊनही चेहरा हलत नाही आणि हे दोन आठवडे टिकतं, तेव्हा ते विसरणं राहत नाही.

२००२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अल्झायमरमधल्या नैराश्याचे वेगळे निकष मांडले. त्यात चिडचिड आणि माणसांतून अंग काढून घेणं ही दोन लक्षणं त्यांनी मुद्दाम घातली आणि दोन आठवड्यांत तीन लक्षणं दिसली तरी पुरे धरली. नेहमीच्या नैराश्याला पाच लागतात. डॉक्टर वापरतात ती कॉर्नेल मापनपट्टी १९८८ सालची आहे. तिच्या १९ मुद्द्यांची माहिती रुग्णाकडून आणि सांभाळणाऱ्याकडून अशी दोन्हीकडून घेतात. म्हणजे तुमची साक्ष तपासणीचाच भाग आहे. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन शब्द लिहा: किती जेवले, किती झोपले, कशाने हसले. पंधरा दिवसांचं ते पान डॉक्टरांसमोर ठेवा. ओपीडीत मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत 'बरे नाहीत हो' यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतं.

बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात. हे नैराश्य की आळस?

तिसरी एक शक्यता आहे आणि ती फार वेळा चुकते. वैद्यकात तिला अॅपथी म्हणतात. मी तिला 'इंजिन सुरू न होणं' म्हणते. मेंदूच्या पुढच्या भागातली सुरुवात करून देणारी यंत्रणा मंदावते. माणूस दुःखी नसतो, त्याला काही टोचत नसतं, तो फक्त आपणहून उठत नाही. "बाबा, चला" म्हणून हात धरला की निघतो, फुटाळ्यावर कणीसही खातो, आणि घरी येऊन पुन्हा खुर्चीत. विचारलं तर म्हणतो, "मी मजेत आहे." आणि ते खरं असतं. त्रास घरच्यांना होतो, त्याला नाही.

नैराश्यात माणसाला त्रास होत असतो. तो स्वतःला दोष देतो, नशिबाला देतो, 'आता काय राहिलं' म्हणतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून घरच्या घरी शिक्का मारू नका. पण फरक समजून घेणं गरजेचं आहे, कारण नैराश्याच्या गोळ्यांनी अॅपथी सहसा सुधारत नाही. काहींमध्ये माणूस अजूनच थंड पडतो. तिथे लागतो तो कुणीतरी रोज मारलेला धक्का, जुन्या बजाज स्कूटरला मारायचो तसा.

पन्नाशी-साठीच्या माणसात अशी थंडाई आली, सोबत लाजलज्जा, माया, घरच्यांची काळजी आटत गेली, गोड खाण्याचा हावरटपणा आला, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागापासून सुरू होणाऱ्या डिमेन्शियाची, शंका घ्यावी लागते. अशी माणसं वर्षानुवर्षं नैराश्याचे रुग्ण म्हणून औषध घेत राहतात आणि घरात भांडणं पेटतात ती वेगळीच.

कशावरून हे डिमेन्शियाच आहे? नैराश्यामुळेच विसरत असतील तर?

चांगला प्रश्न, आणि प्रत्येकाने विचारावा असा. वयस्कर माणसाच्या खोल नैराश्यात लक्ष लागत नाही, विचार संथ होतात, आणि तो इतका विसरतो की डिमेन्शिया वाटावा. लेस्ली किलो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६१ साली याला 'स्यूडो-डिमेन्शिया', म्हणजे डिमेन्शियाचं सोंग, हे नाव रूढ केलं. नाव तितकंसं बरं नाही, कारण सोंग कुणी करत नसतं.

घरात दिसणारे फरक असे. नैराश्यातला माणूस स्वतःच्या विसरण्याची तक्रार स्वतः करतो, प्रश्न विचारला की "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो, आणि सुरुवात कधी झाली हे घरचे महिन्यासह सांगतात: "पोळ्यानंतर सुरू झालं." अल्झायमरमधला माणूस विसरणं नाकारतो, उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आणि चुकतो, आणि सुरुवात कुणालाच धड आठवत नाही. मात्र उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधीकधी पुढे येणाऱ्या डिमेन्शियाची पहिली पायरी असते. त्यामुळे उपचाराने विसरणं सुधारलं तरी दर सहा महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी सोडू नका.

थायरॉइड, बी-१२, सोडियम, हिमोग्लोबिन या तपासण्या झाल्याशिवाय कुठलाच शिक्का स्वीकारू नका. आणि औषधांची पिशवी सोबत न्या, सगळी. चक्कर येते म्हणून कधीकाळी सुरू झालेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन वर्षानुवर्षं चालू राहिली तर म्हाताऱ्या माणसात कंप आणि ताठरपणाही आणते, आणि नैराश्यही. ती कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून चालू असते, इतकंच.

परवापर्यंत चांगल्या होत्या, दोन दिवसांतच एकदम गप्प झाल्या. नैराश्य का?

नाही. नैराश्य असं दोन दिवसांत येत नाही. याला डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शुगर खाली जाणं, नवी गोळी, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, काहीही असू शकतं. डेलिरियम म्हणजे बडबड आणि हातपाय झाडणं असा समज आहे. त्याचा गप्प, पेंगुळलेला प्रकार म्हाताऱ्यांत जास्त सापडतो आणि जास्त निसटतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, पाणी आणि मीठ कमी पडून हे हमखास होतं. तहान लागलीय हे या माणसांना कळत नाही, कळलं तर सांगता येत नाही, आणि कूलरसमोर बसवलं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं.

पार्किन्सन असलेल्या काकांचा चेहरा कायम पडलेला असतो. ते उदास असतात का?

चेहऱ्यावरून ठरवू नका. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, आवाज खाली जातो; आतून माणूस मजेत असू शकतो. उलटही होतं: चेहरा तसाच आहे म्हणून आतलं नैराश्य कुणाला दिसत नाही. त्यांना सरळ विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. कंपवातातल्या माणसाला वाक्य जुळवायला उशीर लागतो आणि तोवर आपण विषय बदललेला असतो.

एक गोष्ट घड्याळ लावून बघा. काहींना लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा असर उतरायच्या वेळी, पुढच्या गोळीच्या आधीचा अर्धा-पाऊण तास, अचानक घबराट आणि अंधारून आल्यासारखं वाटतं, आणि गोळी लागली की निवळतं. हे लिहून दाखवलं तर डॉक्टर नैराश्याची गोळी वाढवण्याऐवजी लेव्होडोपाच्या वेळा बदलतील.

पार्किन्सनमधल्या नैराश्याला औषधाने फायदा होतो याचे पुरावे डिमेन्शियापेक्षा बरे आहेत. २०१२ च्या एका अमेरिकी चाचणीत पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या दोन्ही गोळ्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या. प्रामिपेक्झोल हे पार्किन्सनचंच औषध मनावरही काम करतं, पण त्याने काही जणांना जुगार, खरेदी, खाणं यांचा नाद लागतो. सत्तरीचे सासरे एकाएकी लॉटरीची तिकिटं आणू लागले तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि रासॅजिलिन किंवा सेलेजिलिन हे पार्किन्सनचं औषध चालू असेल तर नैराश्याची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत हवंच. दोन्हींची सांगड धोक्याची ठरू शकते.

मेंदूच्या इतर आजारांत असंच असतं का?

थोडक्यात सांगते. लहान-लहान पक्षाघातांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात नैराश्य अल्झायमरपेक्षाही जास्त दिसतं, म्हणून तिथे बीपी-शुगर सांभाळणं हाही उपचारच. लेवी बॉडी डिमेन्शियात (यात विसरण्यासोबत भास आणि पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो) नैराश्य खूप असतं, आणि भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जीवावरही बेततं. निदान झालेलं असेल तर ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूच्या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि त्यातल्या अनावर हालचालींसाठी दिलं जाणारं टेट्राबेनाझिन स्वतःच नैराश्य आणू शकतं. मोटर न्यूरॉन आजारात (यात स्नायू हळूहळू निकामी होतात) माणूस कारण नसताना हुंदके देऊन रडतो किंवा भलत्या वेळी हसत सुटतो. ते नैराश्य नसतं, मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा ब्रेक सुटलेला असतो, आणि त्याला वेगळा उपचार आहे. मयतीत हसलेल्या एका मामांना भावकीने वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

नैराश्याची गोळी सुरू केली तर लवकर बरं होईल ना?

डिमेन्शियात खात्री देता येत नाही. इंग्लंडमध्ये डिमेन्शिया आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ३२६ जणांवर एक मोठी चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष आले. काहींना सर्ट्रालिन, काहींना मिर्टाझॅपिन, काहींना औषध नसलेली गोळी. १३ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच निघाले, आणि खरं औषध घेणाऱ्यांत दुष्परिणाम जास्त. यातली माझ्या आवडीची गोष्ट अशी की तिन्ही गटांची उदासी कमी झाली होती. म्हणजे नियमित कुणीतरी येऊन विचारपूस करतंय, घरच्यांचं ऐकून घेतंय, याचं काहीतरी मोल असणारच.

याचा अर्थ गोळी नकोच, असा काढू नका. नैराश्य खोल असेल, माणूस जेवत नसेल, मरणाचं बोलत असेल, तरुणपणीही कधी नैराश्य येऊन गेलं असेल, तर डॉक्टर औषध देतात आणि ते द्यायला हवं. असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून एकदम बंद करू नका. सुरुवातीला सोडियम कमी होऊ शकतं, तोल जाऊन पडणं वाढू शकतं. अॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं स्मरणशक्ती अजून गढूळ करतात, बद्धकोष्ठ करतात.

आणि ती अल्प्राझोलाम, घबराटीवरची, झोप आणणारी गोळी. शेजारच्या वहिनींना लागू पडली म्हणून आईला अर्धी देणं आधी थांबवा. त्याने नैराश्य जात नाही, गोंधळ वाढतो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं, आणि सवय लागते ती वेगळी. मात्र रोज घेत असतील तर तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची.

शॉक ट्रीटमेंटचं नाव निघालं की घरात रडारड होते. अन्नपाणी सोडलेल्या, औषधाला दाद न देणाऱ्या खोल नैराश्यात ती जीव वाचवते, वयस्करांतही. भूल दिल्याशिवाय ती देण्यावर आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी घातली आहे. सिनेमातलं डोक्यातून काढून टाका.

गोळीशिवाय घरी काय करता येईल?

इथेच सगळ्यांत जास्त करता येतं, आणि इथेच सगळ्यांत कमी केलं जातं.

पहिलं, दुखणं शोधा. किडलेला दात, गुडघे, बद्धकोष्ठ, टोचणारी कवळी. सांगता न येणारं दुखणं उदासीसारखंच दिसतं. मग कान आणि डोळे. कानात मळ साठलेल्या, मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला घरातली माणसं म्हणजे धुक्यातल्या सावल्या. तो गप्प होणारच. कान साफ करून घेतल्यावर 'नैराश्य' निम्मं उतरलेले आजोबा मी पाहिलेत.

दुसरं, दिवसाला आकार द्या. नैराश्यातलं आणि डिमेन्शियातलं मन रिकाम्या दिवसात बुडतं. सकाळी उन्हात अर्धा तास, उन्हाळ्यात सात वाजायच्या आत. अंबाझरीपर्यंत जमत नसेल तर गल्लीतल्या टपरीपर्यंत. तर्री पोह्यांची तर्री झेपत नसेल तर नुसते पोहे, पण प्लेट टपरीवरचीच. अंगाला हालचाल, कातडीला ऊन, कानावर चार ओळखीचे आवाज, तिन्ही एकदम होतं. हसू आणणाऱ्या छोट्या गोष्टी ठरवून रोजच्या दिवसात पेरायच्या, ही रीत सांभाळणाऱ्यांना शिकवली की रुग्णाची उदासी कमी होते आणि सांभाळणाऱ्याचीही, असं १९९० च्या दशकातल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं.

तिसरं, काम द्या, खरं काम. "आई, तू आराम कर" हे प्रेमाने केलेलं नुकसान आहे. जिने चाळीस वर्षं घर चालवलं तिच्या हातातून सूप, विळी, वाती सगळं काढून घेतलं की उरतं काय? मटार सोलू द्या, मेथी निवडू द्या, धुतलेले रुमाल घडी करू द्या. मेथीत काड्या राहिल्या तर तिच्या नजरेआड पुन्हा निवडा.

चौथं, जुनं बोला. कालचं विसरलेल्या माणसाला साठ वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं, आणि तिथे तो हुशार असतो. एम्प्रेस मिल या नागपूरच्या कापड गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका कशालाच बोलत नव्हते. मुलाने एके दिवशी गाडीवरून त्या भागातून नेलं. १८७७ साली सुरू झालेली मिल २००२ मध्येच बंद पडली. काकांनी जागा ओळखली नाही, पण घरी येऊन भोंग्याचा आवाज काढून दाखवला आणि पाळी सुटल्यावर कुणाच्या सायकलला कोण लटकायचं ते सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आईबापाचं बोट धरून पांढऱ्या कपड्यांत दीक्षा घ्यायला गेलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, पिवळी मारबत बघायला जागनाथ बुधवारीत केलेली गर्दी, संत्र्याच्या पेट्या, जो काही ज्याचा ऐवज असेल तो काढा. फक्त परीक्षा घेऊ नका. "सांगा बरं, ही कोण?" हा प्रश्न नैराश्यातल्या माणसाला रोज नापास करतो. "ही माई, तुमची धाकटी बहीण. ही फार खोडकर होती म्हणे?" असं सुरू करा.

आजार सुरुवातीचा असेल तर बोलण्याचे उपचारही चालतात. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाने डिमेन्शियातली उदासी थोडी, पण नक्की कमी होते.

आम्ही बाबांना सहा महिने नागपूर, सहा महिने पुणे असं ठेवतो. त्याचा परिणाम होतो का?

होतो. भावाभावांत वाटणी न्याय्य असेल, पण बाबांच्या मेंदूला दर सहा महिन्यांनी संडास कुठे आहे ते नव्याने शिकावं लागतं. पुण्यात सकाळी बोलायला कुणी नाही, भाषा तीच असली तरी लहेजा वेगळा, "काऊन" म्हटलं की नातवंडं हसतात. माझं मत स्पष्ट आहे: माणूस जागेवर ठेवा, मुलांनी पाळीने यावं. जमत नसेल तर निदान त्यांची चादर, त्यांचा पेला, देवाचा तोच फोटो आणि औषधांची तीच वेळ सोबत जाऊ द्या, आणि गेल्यावरचे पहिले पंधरा दिवस घरात कुणीतरी रजेवर असू द्या.

"देवा, आता उचल" असं म्हणतात. मनावर घ्यायचं का?

म्हातारी माणसं हे सहज म्हणतात, खरं आहे. तरी विचारा. "तुम्हाला जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात विचार पेरला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. धोका जास्त असतो तो निदान नुकतंच झालेलं असताना, जेव्हा माणसाला पुढचं सगळं समजत असतं, आणि वय कमी असेल तेव्हा. म्हणून निदान सांगून रुग्णाला एकटं सोडू नका. त्याच बैठकीत पुढच्या भेटीची तारीख, काय करता येईल हे सांगा.

बोलणं ठाम असेल, सामानाची वाटणी, निरोपानिरोपी सुरू असेल, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. औषधांचा साठा कुलपात. शेती असेल तर फवारणीची औषधं घरात नकोतच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या त्याच कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

नागपुरात जायचं कुठे?

मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मेंदूच्या डॉक्टरांसाठी मेडिकलच्या अखत्यारीतलं 'सुपर' (सुपर स्पेशालिटी रुग्णालय) आहे. खासगीत धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली पाट्या दिसतील. छिंदवाडा रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक बिचकतात, कारण शहराच्या तोंडात अजून 'पागलखाना चौक' बसलाय. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही माहीत असू द्या.

मेंदूचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांची चिठ्ठी एकाच फाइलमध्ये ठेवा. पार्किन्सन हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. आणि मानसिक आजाराचा खर्च विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच धरावा, असं कायदा सांगतो. नाकारला तर लेखी कारण मागा.

सासूबाईंचं सगळं करते, पण आता मलाच रडू येतं. हे कुणाला सांगू?

मला सांगितलंत, बरं केलंत. डिमेन्शिया सांभाळणाऱ्यांत नैराश्य खूप असतं, आणि आपल्याकडे ते बहुतेक सुनेच्या किंवा बायकोच्या वाट्याला येतं. त्यातही रुग्ण उदास असला की सांभाळणारा लवकर मोडतो. विसरणं सहन होतं, पण रोज समोर विझलेला चेहरा सहन होत नाही. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, सासूबाईंवर हात उचलावासा वाटला, किंवा 'एकदाचं संपावं' असं मनात आलं, तर ओपीडीत त्यांच्या शेजारी तुमचाही केसपेपर काढा. त्याच रांगेत, त्याच दिवशी.

आणि नणंदेला "कधीतरी ये ना" म्हणू नका. "ताई, दर दुसऱ्या रविवारी दहा ते सहा तुम्ही येणार, मी बर्डीला जाणार" असं वार आणि वेळेसकट सांगा. नवऱ्याला रात्रीची एक पाळी द्या. त्यांना जमत नाही म्हणतील. पहिल्या आठवड्यात खरंच जमणार नाही, औषध चुकेल, चादर ओली राहील. तुम्ही मधे उठू नका.